नदीच्या मुली आणि माणसांचे शजरे

आमच्या घरात एक शजरा आहे. दादांच्या वडिलांनी उर्दूत लिहून घेतलेला लांबट कागद, कडांना कापडाची पट्टी चिकटवलेली, घड्यांवर विरलेला. वर एक नाव, त्याखाली फांद्या, प्रत्येक फांदीवर अमुक बिन अमुक. लहानपणी ईदच्या आधी कपाट आवरताना तो बाहेर निघायचा आणि आम्हाला लांबूनच बघायला मिळायचा. पुढे उर्दू वाचता यायला लागलं तेव्हा मी तो नीट वाचला. नऊ पिढ्या होत्या आणि त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. मी अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "बायकांची नावं कागदावर कशाला पाहिजेत? ती आम्हाला तोंडपाठ आहेत की." विषय तिथंच संपला.

तो विषय परत डोक्यात आला तो ग्रीक पुराणकथा वाचताना. प्राचीन ग्रीसमधल्या कितीतरी शहरांनी आणि राजघराण्यांनी आपापली वंशावळ जपली होती. त्या वंशावळींच्या मुळाशी बऱ्याचदा माणूस नसतोच. मुळाशी एक नदी असते. नदीला मुलगी असते, ती पाण्यात राहणारी जलकन्या. एखादा देव तिला उचलून नेतो आणि तिला जो मुलगा होतो तो त्या गावाचा पहिला राजा. म्हणजे आमच्या शजऱ्यात जी बाई कुठेच नाही, ती ग्रीकांच्या शजऱ्यात अगदी आरंभी बसलेली आहे.

पहिल्यांदा मला याचं कौतुक वाटलं. मग जसजसं वाचत गेलो तसतसा प्रश्न पडत गेला की या मुलींना तिथं बसवलं कोणी, आणि कशासाठी?

तीन हजार बहिणी

इ.स.पू. ७०० च्या सुमारास हेसिअड नावाच्या ग्रीक कवीने देवांची वंशावळ सांगणारं एक काव्य रचलं. त्यात सगळ्या पाण्याचे आईबाप आहेत ओशनस आणि टेथीस. ओशनस म्हणजे पृथ्वीला चारी बाजूंनी वेढून वाहणारी महानदी. या जोडप्याला तीन हजार मुलगे आणि तीन हजार मुली. मुलगे म्हणजे जगातल्या नद्या. आपल्याला नदी म्हटलं की आई किंवा बहीण आठवते, पण ग्रीकांच्या कल्पनेत नदी हा पुरुष होता. झरे आणि तळी मात्र बायका. हेसिअडने पंचवीस नद्यांची नावं दिली आहेत आणि त्या यादीत पहिलं नाव ग्रीसमधल्या नदीचं नाही, ते मिसरमधल्या नाईलचं आहे.

तीन हजार मुलींपैकी एक्केचाळीस जणींची नावं तो देतो. या ओशनिड. त्यांत सर्वांत थोरली स्टिक्स, जिची शपथ देवसुद्धा मोडू शकत नाहीत. त्यांतच एशिया आणि युरोपा अशीही दोन नावं आहेत. यांच्यातलीच डोरिस नावाची एक बहीण समुद्रातल्या म्हाताऱ्या नेरिअसला दिली. त्यांना पन्नास मुली झाल्या, त्या नेरेइड. त्यांची नावं वाचताना समुद्रकिनाऱ्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. गलीनी म्हणजे शांत समुद्र, प्समथी म्हणजे वाळू, किमोथोई म्हणजे वेगाने येणारी लाट, स्पेओ म्हणजे गुहा. आणि नद्यांच्या ज्या मुली गावोगावच्या झऱ्यांत राहतात त्या नायड. थोडक्यात ओशनिड, नेरेइड आणि नायड हे एकाच मोठ्या खानदानाचे तीन भाग आहेत.

नद्यांची यादी संपवताना हेसिअड एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. सगळ्या नद्यांची नावं सांगणं एका माणसाला अवघड आहे, पण जे लोक ज्या नदीकाठी राहतात त्यांना त्या नदीचं नाव ठाऊक असतं. हे वाचलं तेव्हा मला अम्मीचं उत्तर आठवलं.

या मुलींसाठी ग्रीक भाषेतला शब्द आहे 'निम्फी'. मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर जलपरी म्हणून चालणार नाही, कारण यांना माशाची शेपटी नसते. विहिरी-डोहांवरच्या आपल्या साती आसरा जास्त जवळच्या. आसरा हा अप्सरा या शब्दाचाच बोलीतला अवतार, आणि त्यातल्या 'अप्' या शब्दामध्येही पाणीच आहे. पण निम्फी या शब्दाचा ग्रीकांमध्ये रोजच्या बोलण्यातला आणखी एक अर्थ होता. निम्फी म्हणजे नवरी, लग्नाला आलेली मुलगी. झऱ्यात राहणारी देवता आणि घरात येणारी नवरी, दोघींना एकच शब्द. पुढच्या सगळ्या गोष्टी कळायला हा दुहेरी अर्थ लक्षात ठेवावा लागतो.

या जलकन्या अमर नाहीत, फक्त फार दीर्घायुषी आहेत. त्यांच्या वयाचं एक गमतीदार गणित हेसिअडच्या नावावर प्लुटार्कने नोंदवून ठेवलं आहे. कावळी माणसाच्या नऊ पिढ्या जगते, सांबर चार कावळ्यांइतकं, डोमकावळा तीन सांबरांइतका, फिनिक्स पक्षी नऊ डोमकावळ्यांइतका, आणि जलकन्या दहा फिनिक्सांइतकी. गुणाकार केला तर माणसाच्या ९,७२० पिढ्या होतात. आमचा शजरा नऊ पिढ्यांचा.

पाणी आणि हक्क

आता या मुली वंशावळीत कशा आल्या, ते पाहू. ग्रीसचा बराचसा प्रदेश चुनखडीच्या डोंगरांचा आहे. पावसाचं पाणी दगडाच्या फटींतून आत मुरतं आणि कुठेतरी खाली अचानक झरा होऊन बाहेर येतं. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच, बऱ्याच नद्या आटतात. अरगॉस या शहरात तर याची कथाच होती. हा प्रदेश हेराचा की समुद्रदेव पोसायडनचा, या वादात इनाकस नदीने हेराच्या बाजूने निकाल दिला, म्हणून पोसायडनने रागाने तिचं पाणी काढून घेतलं. तेव्हापासून पाऊस पडला तरच तिला पाणी. अशा मुलखात बारमाही झरा ज्याच्याकडे, गाव त्याचं. आणि गाव आपलं आहे हे सिद्ध करायचं तर त्या झऱ्याशी नातं सांगणं यापेक्षा चांगला पुरावा नाही. आम्ही बाहेरून आलो नाही, आमची आद्य आईच या पाण्यातली आहे.

ही नाती सांगणारं एक मोठं काव्य होतं, 'स्त्रियांची यादी'. प्राचीन लोक ते हेसिअडचंच मानत. आजचे बहुतेक अभ्यासक ते त्याच्यानंतरचं, इ.स.पू. सहाव्या शतकातलं मानतात. पाच भागांत त्यात एकामागून एक स्त्रिया येतात. तिला कोणता देव भेटला, तिला कोण मुलगा झाला, त्याने कोणतं घराणं चालवलं. मूळ ग्रंथ हरवला. त्याचे बरेचसे तुकडे मिसरच्या कोरड्या वाळूत सापडलेल्या पपायरसच्या कागदांवर हाती लागले आहेत.

म्हणजे ग्रीकांनी बायकांच्या नावाने वंशावळी लिहिल्या होत्या, हे खरं. पण त्या यादीत बाई येते ती आई होण्यापुरती. मुलगा जन्मला की पुढची ओळ त्याची.

असोपसच्या मुली

एकाच कुटुंबाची गोष्ट घेऊ, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. असोपस ही नदी, ओशनस आणि टेथीसचा मुलगा. या नावाच्या नद्या ग्रीसमध्ये एकाहून जास्त आहेत. एक थीब्ज शहराच्या मुलखात, दुसरी कोरिंथच्या जवळ. कथेत त्या एकमेकींत मिसळून जातात. असोपसची बायको मेटोपी, ती लॅडन नदीची मुलगी. यांना मुली किती? डायोडोरसने बारा नावं दिली आहेत, अपोलोडोरसच्या ग्रंथात वीसचा आकडा आहे, तर कोरिना या कवयित्रीच्या काव्यात नऊ. ही तफावत का, ते नावं पाहिली की कळतं. एजिना, सॅलमिस, थीबी, टॅनग्रा, थेस्पिया, कॅल्सिस, कॉर्सायरा, सिनोपी. ही सगळी गावांची आणि बेटांची नावं आहेत. कॉर्सायरा म्हणजे पश्चिमेकडचं आजचं कॉर्फू बेट. सिनोपी म्हणजे काळ्या समुद्रावरचं, आज तुर्कस्तानात असलेलं सिनोप. एका लहानशा नदीच्या मुली इतक्या लांब कशा पोहोचल्या? उत्तर सोपं आहे. देवांनी त्यांना पळवून नेलं. ग्रीक लोक जहाजं घेऊन जिथं जिथं वसले, तिथं तिथं एकेक मुलगी आधीच नेऊन ठेवलेली असायची.

बापाचं काय झालं, याच्या दोन गोष्टी आहेत. पहिलीत असोपस आपल्या एजिनाला शोधत कोरिंथला येतो. तिथल्या सिसिफस राजाने झ्यूसला तिला नेताना पाहिलेलं असतं. पण तो फुकट सांगायला तयार नाही. माझ्या गडावर पाणी नाही, झरा दे, मग सांगतो. मुलीच्या बातमीच्या बदल्यात बाप झरा देतो. कोरिंथच्या गडावरचा पिरीनीचा झरा तो हाच, अशी कथा पॉसनिअसने नोंदवली आहे. सिसिफसला त्या चुगलीबद्दल कायमची शिक्षा झाली. असोपस मात्र मुलीच्या मागे धावत राहिला, तेव्हा झ्यूसने वीज टाकून त्याला परत त्याच्या पात्रात ढकललं. त्या नदीच्या पात्रात कोळसे मिळतात ते म्हणूनच, असं लोक सांगत.

दुसरी गोष्ट कोरिनाच्या काव्याच्या फाटक्या तुकड्यांत आहे. तिथं असोपस एका भविष्यवेत्त्याला मुलींचा पत्ता विचारतो. तो म्हणतो, तीन झ्यूसकडे आहेत, तीन पोसायडनकडे, दोन अपोलोकडे, एक हर्मीसकडे. शोक सोड, आनंद मान; तू देवांचा सासरा झालास.

मला वाटतं या दोन गोष्टींमध्ये त्या काळाचं सगळं दुःख आणि सगळा व्यवहार आहे. हरवलेल्या मुलीच्या बापाला एक गोष्ट वीज मारून गप्प करते, दुसरी समजूत घालून.

आणि ज्यांच्या आद्य आईला असं पळवून नेलं, त्या शहरांना याचं वाईट वाटत होतं का? असोपसच्या काठच्या फ्लायस या गावाने ऑलिंपियाला पितळी पुतळे अर्पण केले होते. त्यात स्वतः असोपस होता, त्याच्या काही मुली होत्या आणि एजिनाला धरणारा झ्यूस होता. झ्यूस आणि एजिनाचा असाच एक नजराणा त्यांनी डेल्फीलाही दिला होता. ही अभिमानाची गोष्ट होती, सगळ्या ग्रीसने पाहावी अशी.

बहिणींच्या नात्याने लढाई

ही नाती फक्त कवितेपुरती नव्हती. त्यांच्यावर राजकारण चालायचं, कधी युद्धही.

इ.स.पू. ५०६ च्या सुमारास थीब्ज अथेन्सकडून हरलं. सूड कसा घ्यावा हे विचारायला त्यांनी डेल्फीला माणसं पाठवली. उत्तर आलं की जे सर्वांत जवळचे आहेत त्यांना विचारा. थीब्जचे लोक बुचकळ्यात पडले. जवळची गावं तर आधीपासूनच आपल्या बाजूने लढतायत. तेव्हा सभेत कोणीतरी म्हणालं की थीबी आणि एजिना या असोपसच्या मुली, सख्ख्या बहिणी. म्हणजे आपले जवळचे एजिना बेटावरचे लोक. मदत मागायला माणसं गेली. एजिनावाल्यांनी होकार दिला आणि मदत म्हणून काय पाठवलं, तर आपल्या पूर्वजांना, एअकसच्या वंशजांना. हे पूर्वज घेऊन थीब्जने लढून पाहिलं, पुन्हा मार खाल्ला. मग त्यांनी पूर्वज परत पाठवले आणि आम्हाला जिवंत माणसं द्या अशी विनंती केली. हेरोडोटस ही हकिकत अगदी गंभीरपणे सांगतो. मला मात्र प्रत्येक वेळी हसू येतं.

एअकस हा एजिना आणि झ्यूसचा मुलगा. बेटावर तो एकटाच होता, म्हणून झ्यूसने मुंग्यांची माणसं करून त्याला प्रजा दिली, अशी कथा आहे. त्यांचं नाव मर्मिडॉन, कारण ग्रीकमध्ये मुंगीला 'मर्मेक्स' म्हणतात. इथं वंशावळ लिहिणाऱ्यांनी एक अवघड प्रश्न हुशारीने सोडवला आहे. आमच्या आधी इथं कोण होतं? कोणी नव्हतं, मुंग्या होत्या.

पुढे एजिनावाल्यांनी अथेन्सच्या किनाऱ्यावर खरोखरच हल्ले केले. अथेन्सनेही डेल्फीच्या सांगण्यावरून आपल्या चौकात एअकससाठी जागा आखून दिली. शत्रूचा पूर्वजच आपल्याकडे वळवण्याचा हा प्रकार. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी आरमाराशी सॅलमिसला गाठ पडली तेव्हा ग्रीकांनी एअकसच्या वंशजांना आणायला एजिनाला एक जहाज धाडलं होतं. त्या लढाईत सर्वांत जास्त नाव एजिनाचं झालं. थीब्ज मात्र त्या युद्धात इराण्यांच्या बाजूने उभं राहिलं होतं. कवी पिंडार थीब्जचा. युद्धानंतर एजिनाच्या एका खेळाडूसाठी गीत रचताना या माणसाने काय करावं? त्याने पुन्हा तेच नातं काढलं. थीबी आणि एजिना बहिणी आहेत, म्हणून थीब्जमध्ये वाढलेल्या माणसाने एजिनाची स्तुती केलीच पाहिजे. मान खाली घातलेल्या शहराला त्या दोन बहिणींच्या आडोशाने पुन्हा चारचौघांत येता आलं.

पण नात्याने राखण होत नाही. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्सने एजिनाच्या सगळ्या लोकांना बायकामुलांसकट बेटावरून हाकललं आणि तिथं आपली माणसं बसवली. स्पार्टाने निर्वासितांना थायरिया इथं जमीन दिली. सात वर्षांनी अथेन्सने तिथंही हल्ला केला, आणि पकडलेल्या एजिनावाल्यांना मारून टाकलं. अथेन्सच्या चौकातली एअकसची जागा त्या वेळीही तिथंच होती.

सायरीनी आणि आकाशाचं भोक

दुसरी गोष्ट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, आजच्या लिबियातली. पिनिअस ही थेसली प्रांतातली नदी. तिचा मुलगा हिप्सिअस, आणि त्याची मुलगी सायरीनी. तिला घरकाम आवडत नसे, ती डोंगरात शिकार करी. तिला सिंहाशी झुंजताना अपोलोने पाहिलं आणि सोन्याच्या रथातून लिबियात नेलं. पिंडारने इ.स.पू. ४७४ च्या विजयगीतात ही कथा सांगितली आहे. त्यात लिबिया हीसुद्धा एक देवता आहे. ती सायरीनीचं प्रेमाने स्वागत करते आणि आपल्या जमिनीचा एक हिस्सा तिला रीतसर देऊन टाकते. दोन बायकांमध्ये झालेलं खरेदीखतच म्हणा ना.

आता हेरोडोटस काय सांगतो ते पाहा. थेरा या बेटावर सात वर्षं पाऊस पडला नाही. लोकांना बाहेर पाठवणं भाग पडलं. बॅटस नावाच्या माणसाबरोबर काही जण निघाले, आधी लिबियाजवळच्या एका बेटावर दोन वर्षं राहिले, मग किनाऱ्यावर सहा वर्षं. शेवटी तिथल्या लिबियन लोकांनीच त्यांना पश्चिमेला एका झऱ्यापाशी नेलं आणि सांगितलं की इथं राहा, इथं आकाशाला भोक आहे. म्हणजे इथं पाऊस पडतो. वाटेत सर्वांत चांगली जागा लागत होती. ती पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तिच्यावरून त्यांना रात्रीचं नेलं. ही इ.स.पू. ६३१ च्या सुमाराची गोष्ट. यजमानांना शंका आली होतीच म्हणायची. कारण दोन पिढ्यांनी ग्रीसमधून आणखी माणसं आली, जमिनी वाटल्या गेल्या, आणि ज्यांनी पाणी दाखवलं होतं त्या लिबियन लोकांच्याच जमिनी गेल्या. त्यांनी मिसरच्या राजाकडे मदत मागितली. इ.स.पू. ५७० च्या सुमारास मिसरची फौज आली आणि ग्रीकांकडून हरली.

पाणी दाखवणाऱ्या माणसांची नावं वंशावळीत नाहीत. त्यांच्या जागी एक जलकन्या आहे, जिला देवाने थेसलीहून आणलं आणि जमीन भेट मिळाली. मला इथं पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. या मुलींना शजऱ्याच्या आरंभी बसवलं, कारण त्या जागी बसलेल्या दुसऱ्या कोणाला तरी उठवायचं होतं.

दार उघडणारं नातं

पण उत्तर अर्धंच आहे. कारण हेच नातं दुबळ्या माणसाच्याही कामी येत असे.

अरगॉसच्या त्या इनाकस नदीची मुलगी आयो. झ्यूसचं मन तिच्यावर बसलं, तिची गाय झाली आणि गोमाशीने पिडलेली ती गाय फिरत फिरत मिसरला पोहोचली. तिथं तिला इपाफस झाला. इपाफसने नाईल नदीची मुलगी मेम्फिस हिच्याशी लग्न केलं. म्हणजे ग्रीसच्या नदीचा नातू मिसरच्या नदीचा जावई झाला. त्यांची मुलगी लिबिया, तिच्या मुलांपासून एकीकडे दानाउस आणि इजिप्टस, दुसरीकडे फिनिशियातलं घराणं. अपोलोडोरसच्या ग्रंथात तर इजिप्टसला अरबस्तानात वसवल्याचा उल्लेख आहे. याच खानदानातली राजकन्या युरोपा, जिला झ्यूसने क्रीटला नेलं. तिची आणि तिच्या मुलांची कथा अल-बिरूनीला माहीत होती. हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात त्याने ती नोंदवली आहे.

इ.स.पू. ४६० च्या दशकात अथेन्समध्ये एस्किलसचं एक नाटक झालं. त्यात दानाउसच्या मुली बळजबरीच्या लग्नातून पळून अरगॉसच्या किनाऱ्यावर उतरतात आणि आसरा मागतात. राजा त्यांच्या सावळ्या रंगाकडे, परक्या कपड्यांकडे पाहतो. तुम्ही इथल्या कशा? तुम्ही तर लिबियाच्या वाटता, नाईलकाठच्या वाटता, उंटावरून फिरणाऱ्या हिंदुस्थानी बायकांबद्दल ऐकलंय तशा वाटता. तेव्हा त्या मुली कागद दाखवत नाहीत, कारण कागद नाहीच. त्या आयोपासून एकेक नाव घेत आपल्यापर्यंत येतात. राजा प्रश्न विचारतो, त्या उत्तर देतात. मग तो निर्णय लोकांवर सोपवतो आणि अरगॉसचे नागरिक हात वर करून त्यांना राहायची परवानगी देतात.

चेहऱ्याने परक्या, पण आजीच्या आजीच्या नात्याने घरच्या. तोंडपाठ असलेल्या एका बाईच्या नावाने त्यांना दार उघडलं.

अकिलीसचा शजरा

शेवटी त्या माणसाकडे येऊ ज्याच्यात पाण्याच्या दोन्ही शाखा एकत्र आल्या. एजिनाचा मुलगा एअकस, त्याचा मुलगा पेलिअस, आणि पेलिअसचा मुलगा अकिलीस. अकिलीसची आई थेटिस ही पन्नास नेरेइडांपैकी एक. (ती आणि आदिमाता टेथीस या वेगळ्या.) तिला होणारा मुलगा बापापेक्षा वरचढ होईल असं भाकीत होतं, म्हणून घाबरून देवांनी तिला माणसाला दिली. होमरच्या महाकाव्यात ती स्वतःच म्हणते की समुद्रातल्या सगळ्या जणींमधून मलाच झ्यूसने मर्त्य नवऱ्याच्या हाताखाली दिलं आणि माझी इच्छा नसताना मी ते सोसलं. या सगळ्या वंशावळींत ज्या थोड्या जणींना स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः सांगायला मिळालं, त्यांतली ती एक.

ट्रॉयच्या रणांगणात अकिलीसची गाठ ॲस्टेरोपीअसशी पडते. हा अॅक्सिअस नदीचा नातू, आणि तो ते अभिमानाने सांगतो. अकिलीस त्याला मारतो आणि त्याच्या प्रेतावर उभा राहून आपला शजरा वाचतो. तू नदीच्या वंशातला, मी झ्यूसच्या. माझा बाप पेलिअस, त्याचा बाप एअकस, त्याचा बाप झ्यूस. नदीने झ्यूसच्या पुढे उभं राहू नये, ओशनसनेसुद्धा नाही.

सगळे बाप मोजून झाले. असोपसच्या मुलीचं नाव त्यात नाही. आणि पाण्यातून येऊन वारंवार त्याचे डोळे पुसणाऱ्या आईचंही नाही. होमरने एजिनाची कथा सांगितलेली नाही, पण पुढच्या काळातले ग्रीक वाचक हा प्रसंग वाचत होते तेव्हा त्यांना ती ठाऊक होती. नदीच्या वंशजाला हिणवणारा हा वीर स्वतः नदीच्या मुलीचा पणतू होता.

लगेच पुढे काय होतं ते बघा. ज्या स्कमँडर नदीत तो प्रेतं टाकत होता, ती उसळते. ती त्याच्या मागे लागते, भावाला, सिमोइस नदीला, हाक मारते आणि अकिलीसला बुडवायला निघते. शत्रूच्या फौजेला न भिणारा माणूस पाण्यापुढे रडकुंडीला येतो. हेराने अग्निदेवाला पाठवलं म्हणून तो वाचला. ती नदी आजही तुर्कस्तानात ट्रॉयच्या अवशेषांजवळून वाहते. तिचं आजचं नाव कारामेंदेरेस. नीट ऐकलं तर त्यात स्कमँडर ऐकू येतं.

कागदाची मागची बाजू

ट्यूनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिला. त्यात वंशाविषयी त्याने एक धाडसी विचार मांडला आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की वंश ही कल्पनेतली गोष्ट आहे. तिचा उपयोग एवढाच की तिच्यामुळे माणसं एकमेकांना धरून राहतात. माणसं एका टोळीतून दुसरीत जातात आणि काही काळाने मूळ कोणाला आठवतही नाही, हेही त्याने लिहून ठेवलं. वंशावळीला इतकं महत्त्व देणाऱ्या समाजात राहून हे लिहायला हिंमत लागते. असोपसच्या मुलींची कथा मी याच नजरेने वाचतो. थीब्ज आणि एजिना यांना एका नदीच्या नावाने एकमेकांना धरून राहायचं होतं. सायरीनीच्या ग्रीकांना लिबियन माणसांचा हात सोडायचा होता. शजरा दोन्ही कामं करतो, आणि कोणतं काम चाललंय ते बघायचं तर त्यातून कोण गाळलं गेलंय ते आधी बघावं लागतं.

मागच्या महिन्यात मी अम्मीला पुन्हा विचारलं, या वेळी वही घेऊन बसलो. तिने सुरुवात केली. तुझी दादी अमुक, तिची सासू अमुक, तिची सासू कऱ्हाडवाली, तिच्या आधीची सातारवाली. मी म्हटलं, कऱ्हाडवालीचं नाव काय? अम्मी थोडा वेळ गप्प बसली. नाव तिलाही माहीत नव्हतं. तिच्या सासूलाही माहीत नसावं. घरात आलेल्या नवरीला तिच्या माहेरच्या गावाने ओळखायची रीत होती, तेवढंच उरलं.

शजऱ्याची मागची बाजू कोरी आहे. तिथं मी पेन्सिलीने लिहायला घेतलं आहे. पाच पिढ्या झाल्या. तीन नावं आणि दोन गावं.